पायलिंगचा ऑक्टोबर

दसरा झाला की आमच्याकडे खिडकीवरून वाद सुरू होतो. वाद घालायला घरात आता दुसरं कुणी नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी मीच घालते. उघडी ठेवली तर धूळ आणि आवाज, लावून घेतली तर जीव घुसमटतो. आमच्या मुलुंडला डोंगर आहेत ते पश्चिमेला, त्यांचा गारवा पश्चिमेच्या लोकांना. आम्ही पूर्वेचे. आमच्या वाट्याला खाडीवरून येणारी दमट हवा. ऑक्टोबरच्या दुपारी तीही पडते आणि दोरीवरचा हातरुमालसुद्धा हलत नाही.

यंदा मागच्या गल्लीतली इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. गणपतीच्या आधी माणसं सामान घेऊन गेली, नवरात्रात पाडकाम उरकलं, आणि परवापासून पायलिंग सुरू झालं. ज्यांनी हे कधी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. उंच लोखंडी तिवईवर एक जडशीळ ठोकळा दोरखंडाने वर ओढतात आणि खाली सोडून देतात. जमिनीत हवा तेवढा खोल खड्डा होईपर्यंत हेच चालतं. धप्प. मग यंत्र कुरकुरत ठोकळा वर नेतं. मग पुन्हा धप्प. प्रत्येक वेळी आमच्या कपाटातले काचेचे पेले किणकिणतात. शेजारच्या वैशालीवहिनी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "लागली वाट परत! आता दिवाळीपर्यंत दुपारची झोप विसरा." मी हो म्हटलं, घरात आले, खिडकी लावली, आणि उभ्या जागी मला लाज वाटली. पायलिंगने लोकांचं डोकं दुखतं. मला लाज वाटते.

लोकांना वाटतं मला दुःख होतं. होतंच, नाही कशाला म्हणू? पण दुःखी बाईला लोक खुर्ची देतात, पाणी देतात, बसा म्हणतात. लाजेचं तसं नाही. ती आपली आपण घरात सांभाळायची, आणि पाहुणे आले की आत ठेवून यायची.

ही लाज ज्या ऑक्टोबरची, तोही असाच होता. तेव्हा पायलिंग अगदी शेजारच्या प्लॉटवर चाललं होतं, आमच्या आतल्या खोलीच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर. आज तिथे मान दुखेपर्यंत उंच टॉवर आहे आणि खाली केकचं दुकान. ह्यांना त्या वर्षी श्रावणात अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. वाचाही गेली, मग थोडी थोडी परत आली, पण आली ती मालवणीत. कंपनीत हिंदी आणि घरात शहरातलं मराठी बोलण्यात ह्यांचा जन्म गेला. आजारपणात एकदम आपल्या आईच्या बोलीत जाऊन बसले. "माका पानी दी." "खंय गेल्लंस?" मी मूळची रत्नागिरीकडची. मला कळायचं सगळं, पण लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवरा नव्याने ओळखीचा करून घ्यावा लागतोय असं वाटायचं.

खाट मी खिडकीशी लावली होती, वारा लागावा म्हणून. वारा कसला लागतोय! ह्यांच्या कपाळावर घामाचे थेंब जमत, मी ओल्या पंच्याने पुसत बसे. पंखा फुल्ल. त्याच्या वाऱ्याला सिमेंटचा वास. चादरीवरून हात फिरवला की हाताला बारीक कचकच लागायची. दिवसातून दोनदा झाडलं तरी लागायची. त्या ऑक्टोबरची आठवण म्हटलं की मला आधी ती कचकच आठवते, मग औषधांच्या गोळ्यांचा कडवट वास, आणि खिडकीत वाळत घातलेल्या ह्यांच्या बंड्या, धुवून पुन्हा मळलेल्या.

ह्यांना आवाजाचा त्रास होत असेल हे माझ्या मनातही आलं नाही. कारण तसंच होतं. तरुणपणी हे परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. शेकडो माग एकदम चालायचे तिथे. संपानंतर गिरणी गेली आणि हे भांडुपला एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. दोन्ही ठिकाणी मिळून कान अर्धे गेले. लग्नाच्या हॉलचा डीजे खिडक्या हलवत असताना हे शांत घोरायचे. म्हणून मी समजले, पायलिंगचा छळ काय तो मला एकटीला. आवाज कानांतून नाही, खाटेतून येत होता हे फार उशिरा कळलं. लादीतून खाटेच्या पायांत, तिथून गादीत, गादीतून पाठीत. एकदा मी त्यांच्या बाजूला आडवी झाले तेव्हा मलाच धप्प बसला, तेव्हा कळलं.

मी महापालिकेच्या शाळेत लहान मुलांना शिकवून निवृत्त झालेली बाई. तक्रार करायची तर नीट पुराव्यानिशी, ही माझी खोड. सोसायटीचे सेक्रेटरी ठक्करभाई म्हणाले, "भाभी, तोंडी सांगून कोण ऐकतो? क्लिप काढा. क्लिप पायजे." झालं. मला कामच मिळालं. रोज दुपारी जेवणं आटोपली की मी खिडकीच्या ग्रिलमधून हात बाहेर काढायची, फोन धरून उभी राहायची. खरं सांगायचं तर त्या उभं राहण्यात मला बरं वाटायचं. आजाऱ्याच्या खोलीत माणसाला करण्यासारखं फार नसतं. हे निदान काहीतरी करणं होतं.

अशाच एका दुपारी मी फोन धरून उभी होते. खाली ठोकळा वर चढत होता. मागून हे म्हणाले, "थांबव गो ता."

मी वळले नाही. धप्प झालं. मग पुन्हा, जरा मोठ्याने, आवाज कापत, "थांबव गो. थांबव ना गो ता."

मी म्हटलं, "अहो, गप्प बसा ना जरा! रेकॉर्डिंग चालू आहे."

वर्गात मागच्या बाकाला म्हणायची तसं म्हटलं. ते शब्द नोकरीने माझ्या तोंडात बसवलेले होते, ते आपसूक निघाले. हे गप्प बसले. त्या दुपारी पुढे एक शब्द बोलले नाहीत. क्लिप चांगली आली. मी ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, घरच्या ग्रुपवर टाकली. अंगठे आले. ठक्करभाईंनी दोन हात जोडलेले पाठवले.

आता मुग्धाचं सांगते. मुग्धा आमची एकुलती एक मुलगी, बोरिवलीला राहते, आणि कॉलेजपासून एका बँडची भक्त आहे. बँडचं नाव लिहीत नाही, पोरं गुणी आहेत, उगाच त्यांना बोल लागायला नको. साकीनाक्याला एका गाळ्यात ही तीन मुलं यंत्रांचे आवाज गोळा करून त्यांची गाणी करतात. लेथ, कॉम्प्रेसर, लिफ्टचं दार, बंद पडायला आलेला मिक्सर. त्याला इंडस्ट्रियल म्हणतात म्हणे. मुग्धा घरात ती गाणी लावायची तेव्हा हे धडधाकट होते. पेपर खाली करून म्हणायचे, "याचे पैसे देतेस तू? आम्हाला हे ऐकायचा पगार मिळायचा." कधी म्हणायचे, "या गाण्याला ग्रीस मार गं, बेअरिंग गेलंय." मुग्धा चिडायची आणि हसायची. बापलेकीचं त्या खडखडाटावर जेवढं बोलणं झालं तेवढं तिच्या लग्नाबद्दलसुद्धा झालं नाही.

तसे हेही भक्तच होते, पण डबलबारीचे. आमच्या कोकणातल्या माणसांना डबलबारी सांगायला नको. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर भजनाचा सामना, आणि ऐकणारे दोन तट पाडून बसलेले. हे भांडुपला, लालबागला सामने ऐकायला जायचे आणि मग आठवडाभर घरात निकाल लागायचा. कोणाचा गजर भारी, कोणाचा पखवाजवाला कच्चा. आणि एखाद्या बुवाने अभंगाला सिनेमाची चाल लावली की ह्यांचं डोकं फिरायचं. "मूळ चालीला हात लावायचा कशाला? जमत नसेल तर गाऊ नको. फुकट गेला सगळा अभंग!" इतक्या तावातावाने बोलायचे की मी म्हणायची, तुमचं काय घेतलं त्याने? पण ज्याला एखादी गोष्ट मनापासून आवडते तिला कुणी हात लावला की त्याचं काहीतरी घेतलेलंच असतं. हे मला तेव्हा पटत नव्हतं.

तर त्या बँडने रिमिक्स अल्बम काढायचं ठरवलं. रिमिक्स म्हणजे काय हे मुग्धाने मला फोडणीच्या भाताने समजावलं. भात कालचा, फोडणी आजची, आणि फोडणी देणारा दुसराच. बँडने आपली जुनी गाणी वेगवेगळ्या मुलांना दिली, आणि ऐकणाऱ्यांना सांगितलं की तुमच्या गल्लीतले आवाज पाठवा, ते आम्ही यात मिसळू. मुग्धाचा फोन आला, "आई, तुझ्या त्या पायलिंगच्या क्लिपा पाठवू का गं? कसला भारी साउंड आहे त्यांचा." मी ह्यांना पेज भरवत होते. म्हटलं, "पाठव बाई. कुणीतरी ऐकू दे." तिनेही धप्पच ऐकला होता, मीही धप्पच ऐकला होता. पुरावा म्हणून मी, संगीत म्हणून ती. त्यात एक माणूस बोलतोय हे आम्हा दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

दिवाळी गेली, पायलिंग संपलं. शिमग्याच्या आधी हे गेले. झोपेतच गेले. गावाकडून माणसं आली, दिवस झाले, खाट घडी करून माळ्यावर टाकली. अल्बमचं कुणाच्या ध्यानात असणार?

तो आला पुढच्या दसऱ्याच्या सुमाराला. मुग्धा आपट्याची पानं द्यायला आली होती. चपला काढता काढताच म्हणाली, "आई, आपली क्लिप आहे त्यात! क्रेडिटमध्ये माझं नाव आहे." आम्ही सोफ्यावर बसलो. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. सुरुवातीला नुसतं यंत्र. मग तो ठोकळा आला, आमचा धप्प, पण खूप मोठा आणि गुळगुळीत केलेला. मुग्धा मान हलवत होती. आणि मग सगळं एकदम थांबलं, आणि कानात, अगदी कानाशी, हे म्हणाले, "थांबव गो ता."

मुग्धाची मान तशीच राहिली. माझा हात तिच्या गुडघ्यावर होता, तो तिने घट्ट धरला. आवाज इतका स्वच्छ केला होता की ह्यांचा श्वास ऐकू येत होता. "थांबव गो. थांबव ना गो ता." आता मी बोलणार. मी वाट पाहत बसले. अंग चोरून, जशी एखादी चापट येणार असावी तशी. मुलीच्या देखत, तिच्या कानात, आता माझा तो शाळेतला आवाज येणार.

आला नाही. धप्प आला. मग पुन्हा "थांबव गो ता", पुन्हा धप्प. त्यावर हळूहळू ठेका चढला, आणि ह्यांचे तेवढे शब्द पुन्हा पुन्हा फिरत राहिले. मी कुठेच नव्हते.

मला आधी काय वाटलं असेल? सुटले, असं वाटलं. नवऱ्याचा आवाज इतक्या महिन्यांनी कानात आला आणि बाईच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की बरं झालं, माझा आला नाही. मग मुग्धा रडायला लागली. "बाबा घाबरलेत गं," ती म्हणाली, "बाबा किती घाबरलेत." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

ते गाणं चाललं. अल्बममधलं तेवढंच चाललं म्हणतात. मुग्धाने मला भक्तमंडळी जिथे मतं लिहितात ती जागा दाखवली, फोनवर खातं उघडून दिलं, जास्वंदीचा फोटो लावून दिला. मला वाटलं चार ओळी असतील. वाचता वाचता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

"पहिला अल्बम झकास होता. या रिमिक्सने पार वाट लावलीय." "ठेका फास्ट केला तिथेच मेलं गाणं." "ज्यांना कळत नाही त्यांनी जुनंच ऐका ना यार, कोण जबरदस्ती करतंय." मला हसू आलं. अगदी ह्यांची डबलबारीची मंडळी, फक्त तंबाखू नाही. एकाने लिहिलं होतं की तो हे गाणं जिममध्ये लावतो, आणि दम संपला की म्हाताऱ्याच्या आवाजाने अजून जोर येतो. एकाने हे सगळं भांडवलशाहीबद्दल आहे असं लांबलचक समजावलं होतं. एका मुलीने विचारलं होतं, "कोण ॲक्टर आहे? कसलं काम केलंय!" आणि तिच्या खाली एकाने, "ओव्हरॲक्टिंग वाटतं मला."

तो दिवस मी त्या एका ओळीवर काढला. ओव्हरॲक्टिंग! ज्या माणसाने भिंतीत खिळा मारताना अंगठा ठेचला तरी तोंडातून हुं काढलं नाही. गावच्या दशावतारात एकदा ह्यांना राक्षस केलं होतं, तर मारामारीत समोरच्याला लागेल म्हणून हे तलवार उगारून नुसते उभे राहिले आणि लोकांनी पोट धरधरून हसून घेतलं. त्या माणसाला आयुष्यात एकदा भीती वाटली, ती त्याने आपल्या बायकोला सांगितली, आणि ती आता जिममध्ये वाजते. मला ह्यांची लाज वाटत नव्हती. ह्यांना वाटली असती ती लाज मला वाटत होती. माणूस गेल्यावर त्याचे कपडे आपण देऊन टाकतो, पण त्याआधी फाटलेली बनियन कुणाच्या नजरेला पडू देत नाही. आणि इथे आम्ही ह्यांना असं उघड्यावर ठेवलं होतं.

"काढायला सांग," मी मुग्धाला म्हटलं. तिने लगेच कळवलं. तिलाही तेच हवं होतं.

बँडमधला सिद्धेश नावाचा मुलगा घरी आला. गोरेगावचा, अंगाने किडकिडीत, दाढी राखलेली. आल्या आल्या ह्यांच्या फोटोपाशी गेला आणि हात जोडून उभा राहिला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "काकू, आम्हाला वाटलं ते रस्त्यावरचं कुणीतरी आहे. आजोबा तुमच्या घरातले आहेत, आणि आता नाहीत, हे माहीत असतं तर विचारल्याशिवाय घेतलंच नसतं. तुम्ही म्हणाल तर आजच काढतो. खरंच सॉरी."

मी म्हटलं, "पण माझा आवाज होता ना त्यात? ह्यांच्या पाठोपाठ."

तो चपापला. मुग्धा स्वयंपाकघरात चहा टाकत होती. त्याने तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "होता. मी काढला."

"का?"

"काकू, लोक लय बेकार बोलतात. तुम्हाला शिव्या घातल्या असत्या. कोण कुठली बाई, तिला उगाच कशाला, म्हणून काढला."

म्हणजे मला ओळखतसुद्धा नसताना एका पोराने माझी लाज झाकली होती. मी ह्यांना गप्प केलं आणि त्याने मला वाचवलं. इतका भला मुलगा, आणि त्याच्यासमोर मला मान वर करता येईना. मी बशीतल्या बिस्किटांकडे बघत विचारलं, "तो परत घालता येईल का?"

"येईल की. ओरिजिनल फाईल आहे." त्याने हातातलं बिस्कीट परत बशीत ठेवलं. "पण काकू, विचार करा. एकदा बाहेर गेलं की गेलं."

मुग्धा चहा घेऊन आली. आता तिच्यासमोर बोलायचं होतं. मी कप उचलला आणि म्हणाले, "राहू दे आहे तसं. काढू नका आणि घालूही नका. ह्यांचा आवाज तेवढाच आहे आमच्याकडे."

मुग्धा माझ्याकडे बघतच राहिली. मग तिचे डोळे भरले. तिला वाटलं, आईने किती मोठं मन केलं. सिद्धेश वाकून पाया पडला. ह्यांचा आवाज तेवढाच होता हे खरंच होतं, आमच्यात कधी कुणी रेकॉर्ड-बिकॉर्ड केलं नव्हतं. पण ती मूळ क्लिप माझ्या फोनमध्ये अजून आहे, आणि तीत तो आवाज जास्त आहे. त्यात हे बोलायच्या आधी खाकरतात तेही आहे. ती मी ऐकत नाही. त्या क्लिपमध्ये मी आहे, गाण्यात मी नाही, म्हणून मी गाणं ऐकते. दुपारी भांडी झाली की इअरफोन लावते आणि आडवी होते. मूळ चालीला हात लावू नये म्हणणाऱ्या माणसाची बायको मी, आणि मला रिमिक्स आवडतं. का आवडतं ते मुग्धाला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

मतं मात्र मी वाचते. सवय लागली म्हणा. आता त्यातली मंडळी नावानिशी ओळखीची झाली आहेत. सगळ्यांत जास्त टीका करणारा एक आहे, त्याला रिमिक्समधलं काहीच पसंत नाही. त्याने एकदा लिहिलं होतं, "त्या माणसाच्या बोलण्यावर ठेका टाकायलाच नको होता. तो काहीतरी सांगतोय, त्याला सांगू द्या." लोकांनी त्याला खूप सुनावलं. मी त्याला अंगठा दिला. हे असते तर त्यांनीही दिला असता, आणि वर म्हणाले असते, फुकट गेलं सगळं गाणं. दुसऱ्या एका मुलीने लिहिलं होतं की तिच्या आजोबांना ती शेवटी शेवटी भेटायला गेली नाही, आणि हे गाणं ती पूर्ण ऐकू शकत नाही. तिला काहीतरी लिहावं असं मला फार वाटलं. काय लिहायचं ते सुचेना. आपण कोणत्या तोंडाने कुणाचं सांत्वन करायचं?

आज दुपारी मागच्या गल्लीत काम जोरात होतं. मी खिडकी लावली, मग उकडायला लागलं म्हणून उघडली. टेबलावर वाटाणे सोलायला घेतले होते, ते तसेच ठेवून फोन पाहिला. कुणीतरी नवीन मुलगा आला होता, बँड त्याला नुकताच सापडलेला. त्याने साधा प्रश्न विचारला होता. तो माणूस हे नक्की कोणाला म्हणतोय?

खाली उत्तरांची रांग लागली होती. बिल्डरला. सरकारला. देवाला, कारण शेवटी आवाज बघ कसा जातो. बायकोला असेल, 'गो' म्हणतोय ना, आमच्याकडे म्हणतात. छे रे, बायको असती तर काहीतरी बोलली असती ना! हो ना, मग कोणीच नाही तिथे, एकटाच आहे तो, म्हणून तर एवढं लागतं.

एकटा नव्हता हो. एवढं मला सहन झालं नाही. ह्यांना मी गप्प केलं, पण एकटं नव्हतं टाकलं. मी हिरवे झालेले हात पदराला पुसले आणि चष्मा लावला. फार लिहायचं होतं. श्रावणापासून लिहावं लागलं असतं, सिमेंट, पंचा, ठक्करभाई, सगळं. मुग्धा वाचेल, तेही मनात आलं. वाचू दे म्हटलं. दोनदा चुकीचं अक्षर लागलं. शेवटी एकच शब्द लिहिला आणि पाठवला.

"मला."

लगेच कुणीतरी बदाम पाठवला. मग एकेक जण खाली लिहीत गेला. मलाही. मला पण. सेम. काकू, मला पण नेहमी असंच वाटतं की तो मलाच म्हणतोय. आणि त्या नवीन मुलाने लिहिलं, किती सुंदर मत आहे हे.

मत कसलं, बाळा. मी तिथेच होते.